तुकडा काय सांगतो? लिम्फोमाची स्टेज आणि यकृताची बायॉप्सी

मानेला गाठ येते, ती काढून तपासली जाते आणि अहवालावर ‘लिम्फोमा’ हा शब्द येतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, कितवी स्टेज?’ त्यापाठोपाठ दुसरा येतो, थोडा त्रासलेला: ‘गाठ मानेला आहे, मग पोटाच्या तपासण्या कशाला?’ पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार या भागातून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कुटुंबांना हा दुसरा प्रश्न फार छळतो. प्रत्येक नवी तपासणी म्हणजे आणखी एक खाडा, आणखी एक पहाटेची गाडी आणि आणखी एक उसनवारी. या पुस्तिकेत त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते यकृताच्या एका छोट्या तुकड्याच्या निमित्ताने दिले आहे.

विषय वरवर पाहता अगदी आडबाजूचा वाटेल. लिम्फोमाची स्टेज ठरवण्यासाठी शस्त्रक्रिया करून यकृताचा तुकडा घेण्याची पद्धत आता जवळपास इतिहासजमा झाली आहे. मग तिच्याबद्दल आज का वाचायचे? कारण ही पद्धत का सुरू झाली, तिने काय शिकवले आणि ती का थांबवली गेली, या तीन गोष्टी समजल्या की आपल्या रुग्णाला सांगितलेली कोणतीही तपासणी कशासाठी आहे हे विचारण्याची रीत कळते. तपासणीचे उत्तर उपचार बदलणार असेल तर ती टाळू नये, आणि उत्तराने उपचार बदलणार नसतील तर ती रुग्णावर लादू नये. संपूर्ण पुस्तिकेचे सार एवढेच आहे.

सुरुवात रोगापासून करू. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचे जाळे आहे. मान, काख, जांघ, छातीचा मध्यभाग, पोटात पाठीच्या कण्यालगत अशा ठिकाणी या जाळ्यावर लसिका ग्रंथी असतात. प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पानथरी म्हणतात, तीही याच व्यवस्थेचा भाग. या व्यवस्थेतल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बेबंद वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. त्याचे दोन मोठे गट आहेत, हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन. हॉजकिन बहुधा एका ग्रंथीपुंजातून शेजारच्या पुंजात असा क्रमाने सरकतो. नॉन-हॉजकिनचे अनेक उपप्रकार असून त्यांतले बरेच पहिल्या भेटीतच अस्थिमज्जेत किंवा यकृतात पोचलेले असतात. हॉजकिन हा आज बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होणारा कर्करोग आहे, हे या पहिल्याच पानावर ठळकपणे सांगायला हवे.

स्टेज मोजण्याची जी पद्धत जगभर रुळली, ती १९७१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे ठरली. एकाच भागातील ग्रंथींमध्ये रोग असेल तर पहिली स्टेज. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या, एकाच बाजूला दोन किंवा अधिक भागांत असेल तर दुसरी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना असेल तर तिसरी. प्लीहेतला रोगही ग्रंथींबरोबरच धरला जातो. यकृत किंवा अस्थिमज्जेत रोग शिरला असेल तर चौथी. ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे यांपैकी एक जरी लक्षण असले तरी स्टेजपुढे ‘बी’ लागतो, नसेल तर ‘ए’. यातली मेख लक्षात घ्यावी. प्लीहेत रोग सापडला तर रुग्ण तिसऱ्या स्टेजमध्ये राहू शकतो, पण यकृतात सापडला की थेट चौथ्या. म्हणूनच यकृताला इतके महत्त्व आले.

आणि यकृत फसवे असते. डॉक्टरांच्या बोटांना ते वाढलेले लागले म्हणजे त्यात लिम्फोमा आहे असे नाही, आणि अगदी नेहमीएवढे असले म्हणजे ते निरोगी आहे असेही नाही. रक्तातील यकृताच्या चाचण्या तापाने, औषधांनी, दारूने किंवा काविळीनेही बिघडतात. प्लीहेचे तसेच. वर्षानुवर्षे हिवताप पाहिलेल्या डोंगरपट्ट्यात पानथरी मोठी असण्याला लिम्फोमाखेरीज कितीतरी कारणे असू शकतात. पूर्वी ना सीटी स्कॅन होता ना पेट स्कॅन. तेव्हा पोटात काय चालले आहे हे कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, पोट उघडून पाहणे आणि तुकडा घेणे.

या रोगाचा शोधच मुळी शवविच्छेदनातून लागला. लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये सात रुग्णांच्या वाढलेल्या ग्रंथी आणि प्लीहा यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा आधार घेतला नव्हता. उघड्या डोळ्यांना दिसले ते त्यांनी नोंदवले. पुढे १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी या रोगाची ओळख पटवणाऱ्या मोठ्या, दोन केंद्रकांच्या पेशीचे नेमके वर्णन केले. आजही पॅथॉलॉजिस्ट तिला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. गाइज रुग्णालयाने हॉजकिन यांच्या काही रुग्णांचे नमुने जपून ठेवले होते. १९२६ मध्ये हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांपैकी तीन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोघांना खरोखर हॉजकिनचाच रोग होता, तिसऱ्याला दुसऱ्या प्रकारचा लिम्फोमा. जपलेला तुकडा जवळपास शंभर वर्षांनीही बोलतो, आणि पहिल्या निदानातली चूक दुरुस्तही करतो. पुढे ‘ब्लॉक’ सांभाळण्याविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेने स्टेज ठरवण्याचा काळ सुरू झाला तो किरणोपचारांमुळे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हेन्री कॅप्लान यांनी १९५६ मध्ये रेषीय त्वरक यंत्राने उपचार सुरू केले आणि सॉल रोझेनबर्ग यांच्या साथीने हॉजकिनच्या रुग्णांना ठरावीक क्षेत्रावर भरपूर किरणे देण्याची पद्धत बसवली. तोवर असाध्य मानला गेलेला रोग बरा होऊ लागला. पण किरणे जिथे दिली तिथलाच रोग जातो. पोटात लपलेला रोग हुकला, तर मानेवरचा सगळा उपचार वाया. उलट पोट निरोगी असताना तिथेही किरणे दिली, तर नाहक इजा. तेव्हा पोटात रोग आहे की नाही, हे खात्रीने कळणे निकडीचे झाले. १९६९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘स्टेजिंग लॅपरोटॉमी’चे, म्हणजे स्टेज ठरवण्यासाठी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचे, निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी वैद्यकजगत हादरले. वरून तपासून निरोगी ठरलेल्या अनेक प्लीहांत रोग निघाला, वाढलेल्या म्हणून संशयित ठरलेल्या काही अगदी स्वच्छ निघाल्या. पुढच्या दशकात अनेक रुग्णालयांच्या अनुभवातून दिसले की साधारण दर तिघांपैकी एका रुग्णाची स्टेज या शस्त्रक्रियेनंतर बदलत होती.

ही शस्त्रक्रिया कशी होत असे, ते जवळून पाहू. पोटाच्या मध्यरेषेवर उभा छेद. आत शिरल्यावर सर्जन आधी हात फिरवून यकृत, प्लीहा, आतडी आणि कण्यालगतच्या ग्रंथी तपासत. मग पहिले काम यकृताच्या तुकड्यांचे. ते पहिले का? शस्त्रक्रिया लांबली आणि अवयवांची हाताळणी झाली की यकृतात पांढऱ्या पेशींचे छोटे पुंज जमू लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते गोंधळ उडवतात. म्हणून सुरुवातीलाच, यकृताच्या खालच्या कडेवर दोन बाजूंनी जाड टाके घालून त्यांच्यामधून पाचरीच्या आकाराचा तुकडा कापला जाई. याला ‘वेज बायॉप्सी’ म्हणतात. यकृत मऊ आणि रक्ताने भरलेले. साधा टाका ओढला तर ते फाटते. त्यामुळे बोथट टोकाची सुई, विरघळणारा दोरा आणि हलक्या हाताची गाठ असा सारा जामानिमा असे. पण एवढ्यावर भागत नसे. यकृताच्या आवरणाला लागून असलेल्या भागात मुळातच तंतुमय ऊती जास्त असतात. कडेच्या तुकड्यात त्या दिसल्या की पॅथॉलॉजिस्टची फसगत होऊ शकते. म्हणून पाचरीबरोबरच उजव्या आणि डाव्या दोन्ही खंडांत खोलवर सुई घालूनही तुकडे घेतले जात. यकृताचा पृष्ठभाग पाहून कुठे पांढुरकी गाठ दिसली तर तिचा तुकडा वेगळा. त्यानंतर प्लीहा पूर्ण काढणे, कण्यालगतच्या आणि यकृताच्या देठाजवळच्या ग्रंथी घेणे, कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा घेणे. रुग्ण तरुण स्त्री असेल तर तिचे अंडाशय मध्यभागी सरकवून गर्भाशयामागे टाकून ठेवत, म्हणजे पुढे किरणोपचार झाले तरी तिचे आईपण शाबूत राहावे.

या हजारो शस्त्रक्रियांनी एक मोलाचा नियम दिला. हॉजकिनमध्ये प्लीहा निरोगी असेल तर यकृतात रोग सापडणे अगदी विरळा. यकृतापर्यंत रोग बहुधा प्लीहेच्या वाटेनेच पोचतो. नॉन-हॉजकिनचे गणित वेगळे निघाले. तिथे अस्थिमज्जा आणि यकृत दोन्ही वारंवार बाधित असत. त्यामुळे आधी कमरेच्या हाडातून मज्जा, मग त्वचेतून सुईने यकृताचा तुकडा, मग दुर्बिणीतून, अशा चढत्या पायऱ्यांनी गेले तर बहुतेकांचे पोट उघडावेच लागत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉक्टरांनी १९७०च्या दशकात हा क्रम बारकाईने मांडला. सर्वांत कमी इजेच्या तपासणीपासून सुरू करा आणि उत्तर मिळाले की तिथेच थांबा, हे शहाणपण तेव्हाचे.

यकृताचा तुकडा घेण्याच्या मुख्य रीती आज चार आहेत. पुस्तिकेत प्रत्येकीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, म्हणून येथे ओळख तेवढी करून देतो. पहिली त्वचेतून सुईने. इटलीच्या जॉर्जो मेंघिनी यांनी १९५८ मध्ये अशी सुई आणि पद्धत प्रसिद्ध केली की सुई यकृतात जेमतेम सेकंदभर राहते. रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्याखाली घेतो, बरगड्यांमधली जागा बधिर केली जाते, आणि श्वास पूर्ण सोडून तो रोखून धरायला सांगतात. तेवढ्यात काम होते. आता सोनोग्राफीत पाहत सुई घातली जाते. नंतर रुग्णाला काही तास निजवून नाडी आणि रक्तदाब वारंवार पाहतात, कारण रक्तस्राव झालाच तर बहुधा याच तासांत कळतो. दुसरी पोटात दुर्बीण घालून: बेंबीजवळ छोटा छेद, पोटात वायू भरून यकृताचे दोन्ही खंड डोळ्यांनी पाहायचे, नेमक्या डागावरून तुकडा घ्यायचा, आणि रक्त वाहिले तर तिथेच थांबवायचे. तिसरी मानेतल्या शिरेतून. रक्त गोठत नसेल, प्लेटलेट कमी असतील किंवा पोटात पाणी झाले असेल तर नळी गळ्याच्या शिरेतून यकृताच्या शिरेपर्यंत नेतात आणि आतून तुकडा घेतात. रक्त आलेच तर ते शिरेतच परत जाते. चौथी उघड्या शस्त्रक्रियेतली पाचर, जिचे वर्णन वर आले. प्रत्येक रीतीचा फायदा वेगळा, धोका वेगळा. सुईने आलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो. त्यात रोग दिसला तर ‘आहे’ म्हणता येते. दिसला नाही तर ‘नाही’ म्हणण्याआधी दहादा विचार करावा लागतो. दुर्बीण आणि शस्त्रक्रिया यांची गरज पडली ती या उणिवेमुळेच.

तुकडा निघाला की काम संपत नाही. खरे काम प्रयोगशाळेत सुरू होते. फॉर्मलिनमध्ये टाकलेला तुकडा मेणात बसवतात. त्यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे केसाहूनही बारीक काप काचपट्टीवर घेऊन रंगवले की ‘स्लाइड’ तयार होते. लिम्फोमा यकृतात बहुधा आधी शीर, धमनी आणि पित्तनलिका यांच्या त्रिकुटाभोवती, म्हणजे पोर्टल भागात, घर करतो. पॅथॉलॉजिस्ट तिथेच आधी नजर टाकतो. पण प्रत्येक गोळा लिम्फोमाचा नसतो. हॉजकिनच्या रुग्णांच्या यकृतात कधी कधी ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या छोट्या गाठी, आढळतात आणि त्यांत कर्करोगाची एकही पेशी नसते. तेवढ्यावरून स्टेज चौथी ठरवता येत नाही. शिवाय आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की क्षयाचा विचार आलाच.

मग ही शस्त्रक्रिया थांबली कशी? तीन कारणांनी. एक, तिची किंमत जड होती. प्लीहा गेलेल्या माणसाला काही जंतूंचा, विशेषतः न्यूमोकोकसचा, अचानक आणि जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. म्हणूनच प्लीहा काढलेल्यांना लसी द्याव्या लागतात. शिवाय जखम भरेपर्यंत उपचार लांबायचे ते वेगळेच. दोन, औषधे सुधारली. अमेरिकेतील व्हिन्सेंट डिव्हिटा यांच्या गटाची ‘मॉप’ आणि मिलानच्या जियान्नी बोनाडोना यांची ‘एबीव्हीडी’ ही औषधांची मिश्रणे १९७०च्या दशकात आली. औषध रक्तातून सगळीकडे पोचते. पोटात लपलेल्या रोगालाही गाठते. सगळ्यांनाच औषध द्यायचे ठरले, तर पोटातल्या छोट्या रोगाचा शोध घेऊन उपचार बदलणार कुठे? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, सुरुवातीच्या स्टेजच्या रुग्णांमध्ये ही शस्त्रक्रिया केलेले अधिक जगले नाहीत, असेच दिसले. तीन, चित्रण सुधारले. आधी सीटी, मग पेट-सीटी. लिम्फोमासाठीच्या २०१४ च्या लुगानो निकषांनी पेट-सीटीला स्टेजिंगचा पाया मानले, आणि हॉजकिनमध्ये पेट-सीटी झाला असेल तर अस्थिमज्जेच्या तपासणीचीही नेहमी गरज नाही असे सांगितले. डॉक्टरांनी आपली आवडती, मेहनतीने आत्मसात केलेली शस्त्रक्रिया पुरावा पाहून सोडून दिली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासातले हे पान मला फार अभिमानाचे वाटते.

इथून ही कथा आपल्या भागात येते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, नेमका स्टॅनफर्डचा निबंध आला त्याच वर्षी. हा प्रकल्प आणि परळचे टाटा मेमोरियल, दोन्ही एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले हे रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. तेथील प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. भारतात ऊतींच्या तपासणीची शिस्त रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आणि परळमध्येच, अणुऊर्जा विभागाच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात, २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर सुरू झाला. पेट स्कॅनसाठी टोचतात ती साखर फ्लोरिन-१८ या अणूने चिन्हांकित केलेली असते, आणि दर ११० मिनिटांनी तिची किरणक्षमता निम्मी होते. बोईसरहून दादरला लोकलने जायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. हे औषध साठवून ठेवताच येत नाही, म्हणून दिलेली वेळ चुकली की त्या दिवसाचा स्कॅन चुकू शकतो. रुग्णांनी वेळेबाबत इतकी काळजी का घ्यायची, ते यावरून कळेल.

पेट स्कॅन वाचताना यकृताची भूमिका पार पालटली आहे. उपचारांनंतर उरलेली गाठ किती चमकते, हे ठरवण्यासाठी डॉविल नावाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यात गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून पाहतात. यकृताहून कमी किंवा त्याच्याइतकी असेल तर दिलासा, जास्त असेल तर काळजी. एकेकाळी ज्याचा तुकडा संशयाने कापला जाई, तोच अवयव आज मापाचा आधार झाला आहे.

स्टेज नीट मोजण्याचे मोल टाटा मेमोरियलच्याच एका अभ्यासातून कळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एबीव्हीडीच्या सहा फेऱ्यांनंतर रोग पूर्ण ओसरलेल्या हॉजकिनच्या १७९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पुढे किरणोपचार दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. आठ वर्षांनी किरणोपचार मिळालेल्यांपैकी ८८ टक्के रोगाच्या पुनरागमनाविना होते, दुसऱ्या गटात ७६ टक्के. प्रत्येक रुग्णाची स्टेज एकाच मापाने मोजलेली नसती, तर अशी तुलना करताच आली नसती. स्टेज म्हणजे रुग्णाच्या कपाळावर लिहिलेले भविष्य नव्हे. कोणता उपचार किती द्यायचा, हे ठरवण्याचे ते माप आहे, आणि चौथ्या स्टेजचा हॉजकिनही बरा होतो.

मग पालघर जिल्ह्यात यकृताच्या बायॉप्सीची गरज संपली का? नाही, आणि त्याचे मोठे कारण क्षय आहे. ताप, घाम, वजन घटणे, मानेला गाठी: क्षय आणि लिम्फोमा दोघेही याच वेशात येतात. पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही तशीच चमकते. म्हणून यकृतात डाग चमकला आणि बाकीच्या चित्राशी तो जुळत नसेल, केवळ यकृतातच रोग दिसत असेल, किंवा उपचारांनी सगळे ओसरूनही यकृतातला डाग राहिला असेल, तर सुईला पर्याय नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या गाठीची. मानेची गाठ तपासल्याविना क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या आणि महिनोनमहिने वाट पाहायची, यात लिम्फोमाचे कितीतरी रुग्ण मौल्यवान वेळ गमावतात. गाठ संपूर्ण काढून तिचे दोन भाग करावेत, एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा फॉर्मलिनविना, निर्जंतुक सलाइनमध्ये, क्षयाचे जंतू शोधणाऱ्या कल्चर आणि सीबीनॅट या तपासण्यांसाठी. सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर होऊ शकत नाही. केवळ बारीक सुईने पेशी ओढून लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवणे बहुतेकदा अवघड असते, कारण ग्रंथीची रचनाच दिसत नाही. आणि तुकडा घेण्याआधी स्टिरॉइड देऊ नये. त्याने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, गाठ लहान होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि निदान मात्र हातचे जाते.

आपल्या भागात दोन समज घट्ट बसले आहेत. पहिला, ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’. लिम्फोमा स्वभावतःच लसिका आणि रक्ताच्या वाटेने फिरणारा रोग आहे, तुकडा घेतल्याने तो पसरत नाही. तुकडा न घेतल्याने मात्र तो बिनऔषधाचा वाढतो. दुसरा समज प्रश्नाच्या रूपात येतो: ‘हे कारखान्यांमुळे झाले का? अणुभट्टीमुळे झाले का?’ तारापूर औद्योगिक वसाहतीत रोज रसायनांशी वावरणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे. पण एका रुग्णाच्या तुकड्यात त्याच्या रोगाचे कारण लिहिलेले नसते. ते उत्तर एका भागातील सगळ्या रुग्णांची वर्षानुवर्षे केलेली नोंद देते. टाटा मेमोरियल सेंटरने अणुवीज केंद्रांच्या परिसरांत कर्करोग नोंदवह्या चालवल्या आहेत, त्या यासाठीच. या वादाची वाट पाहत कोणाचाही उपचार थांबू नये, एवढाच आग्रह आहे.

ही पुस्तिका तीन वाचकांसाठी आहे. पहिला रुग्ण आणि त्याचे नातलग. त्यांनी पहिले आणि शेवटचे प्रकरण आधी वाचावे. शेवटच्या प्रकरणात परळला जाताना काय न्यावे, लोकलमधला कर्करुग्णांसाठीचा राखीव डबा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारखी मुक्कामाची ठिकाणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी कागदपत्रे, हे सारे दिले आहे. दुसरा वाचक आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि गावातला डॉक्टर. मोखाड्याच्या पाड्यावरून जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंत येणाऱ्या माणसाला पहिला सल्ला हेच देतात. त्यांनी क्षय आणि लिम्फोमा यांवरचे प्रकरण जरूर वाचावे. तिसरा वाचक वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी. शस्त्रक्रियेच्या इतिहासाची प्रकरणे मुख्यतः त्याच्यासाठी आहेत. त्याने ती वाचताना एक प्रश्न सतत स्वतःला विचारावा: या तुकड्याचे उत्तर आले, तर मी उपचार बदलणार आहे का?

शेवटी सर्व वाचकांना विनंती. मान, काख किंवा जांघेतली गाठ तीन-चार आठवड्यांत ओसरली नाही तर ती दाखवा, आणि डॉक्टरांनी तुकडा घ्यायला सांगितला तर घाबरून टाळू नका. प्रत्येक तपासणीपूर्वी, ‘याने उपचारात काय फरक पडेल?’ असे मोकळेपणाने विचारा. चांगल्या डॉक्टरला त्या प्रश्नाचा राग येत नाही. तुकडा तपासून झाल्यावर केवळ अहवालाचा कागद घेऊन घरी येऊ नका. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, त्यांवरचा क्रमांक अहवालाशी जुळतो का ते पाहा, उन्हापासून आणि उष्णतेपासून जपा, आणि परळला जाताना त्या पहिल्याच दिवशी बरोबर न्या. त्यांच्याविना दुसरी बायॉप्सी करावी लागू शकते, आठवडे जातात आणि उपचार तेवढे मागे पडतात. लिम्फोमा हा बरा होऊ शकणारा कर्करोग आहे. त्यासाठी निदान वेळेवर आणि नेमके व्हायला हवे, आणि ते तुकड्याशिवाय होत नाही.